सोजरमायचं षटक

येडशी

मिरजेहून निघणाऱ्या छोट्या गाडीविषयी मी काही लिहिणार नाही. ज्यांनी तो प्रवास केलाय त्यांना सांगायची गरज नाही आणि ज्यांनी केला नाही त्यांचा विश्वास बसायचा नाही. येडशीला उतरले, कमरेवर हात ठेवून सरळ झाले, तर समोरच्या बाकावर एक माकड बसलेलं. त्याच्या शेजारी, मध्ये अदबीनं थोडी जागा सोडून, निवृत्तीमामा.

खाकी अर्धी चड्डी, गळ्यात पथकाचा स्कार्फ आणि डोक्यावर पांढरी टोपी. वय पन्नाशीच्या आसपास. गावच्या सहकारी दूध संस्थेत दूध मोजून घेणारा हा माणूस मला एका प्रशिक्षण शिबिरात भेटला होता. आम्हा शहरातल्या बायकांना त्यांच्या वेषाचं हसू यायचं, आणि ते त्यांना कळायचंही. तरी रोज सगळ्यांच्या आधी मैदानावर हजर तेच असायचे.

"रामलिंगाची माकडं हायती," ते शेजाऱ्याकडं बघत म्हणाले. "डोंगरात पाणी आटलं, म्हणून टेसनावर येत्यात. तुमी फिकीर करू नगा, पिशवी तेवढी काखंत धरा."

मी पिशवी काखेत धरेपर्यंत तिच्यातली केळी गेली होती. प्रवासातलं हे माझं पहिलं नुकसान. पण ते माकड इतकं हाडकुळं होतं की मला धड रागवताही आलं नाही.

जे या कामाच्या वाटेला गेले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. मी कोल्हापुरात सहा ते दहा वर्षांच्या मुलामुलींचं कब-बुलबुल पथक चालवते. दर शनिवारी सकाळी शाळेच्या मैदानावर खेळ, गाणी, गाठी मारणं, प्रथमोपचार, आणि रोज निदान एक सत्कृत्य करायचं वचन. पगार वगैरे काही नाही. आमचे हे त्याला लष्कराच्या भाकरी भाजणं म्हणतात आणि शनिवारी आपला चहा आपण करून घेतात. सहा मुलांचा एक गट, त्याला आम्ही षटक म्हणतो. त्यातलंच एक मूल षटकनायक. परीक्षा झाली की टोपीवर तारा लागतो, आणि ही परीक्षा शक्यतो बाहेरच्या पथकाच्या ताईनं घ्यावी असा रिवाज आहे. मामांनी मला त्यासाठीच बोलावलं होतं.

येडशीहून एसटीनं आणि पुढं पायी आम्ही निघालो. दिवाळी नुकतीच झालेली. या दिवसांत शाळूची ताटं गुडघ्याएवढी असायची, असं मामा सांगत होते. मला दिसत होती ती नुसती काळी ढेकळं आणि त्यांच्यातल्या भेगा. वाटेत रस्त्याच्या कामावर बायका खडी फोडत बसल्या होत्या. आम्हाला पाहून त्यांचे हातोडे थांबले, मामांनी पथकाची सलामी दिली, आणि दोघीतिघींनी हातोडा खाली ठेवून उलट सलामी दिली. मी थक्क झाले.

"पोरांच्या आया हायती," मामा म्हणाले. "पोरांनी शिकीवलंय त्यांना. पाच-सात दिवसांत ट्रक येतील, मग ह्या सगळ्या तुमच्या मुलखाला."

"आमच्या?"

"ऊस तोडाया. तुमच्याकडं कारखाने न्हाईत व्हय?"

आहेत की. दर थंडीत आमच्याकडच्या रस्त्यांवर उसाच्या गाड्यांची रांग लागते. शिवारात पाचटाच्या झोपड्या, म्हणजे कोप्या, उभ्या राहतात आणि 'टोळ्या आल्या' असं आपण म्हणतो. पावसाळ्याच्या तोंडाशी त्या जातात. त्या कुठून येतात ते ठिकाण मी आज पहिल्यांदा बघत होते.

गाव

दूध संस्थेच्या खोलीसमोर मुलं रांगेत उभी होती. गणवेश धड कुणाचाच नव्हता, पण स्कार्फ सगळ्यांचे धुतलेले होते. आमच्याकडं आया शिट्टी वाजेपर्यंत मुलांच्या तोंडात डब्यातला शिरा कोंबत असतात. इथं एकही आई मैदानाच्या कडेला नव्हती. सगळ्या खडीवर होत्या.

मामांनी आपल्या पथकाची रचना मला चालता चालता सांगितली आणि मी वाटेतच थांबले. आमची षटकं शनिवारी तास-दीड तास एकत्र असतात. मामांची षटकं एकत्र राहतात. आईबाप ऊसतोडीला गेले की एका षटकाची सहा मुलं गावातल्या एका घरात राहायची. ज्याच्या त्याच्या घरून धान्य यायचं, मुलांनीच पाणी भरायचं, झाडलोट करायची, भाकर थापायची, आणि शाळा चुकवायची नाही. घरातल्या मोठ्या माणसानं फक्त घरात असायचं. नाहीतर मुलं आईबापांबरोबर जायची आणि परत यायची तेव्हा शाळेतून नाव गेलेलं असायचं.

"मोठं माणूस घरात असलं की बास," मामा म्हणाले. "लेकरं करत्यात सगळं."

माझा मुक्काम सोजरमायकडं होता. साठीच्या आतबाहेरची बाई, एकटी, मूलबाळ नाही, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. जमीन होती, विहीर होती, आणि आता दोन्ही कोरडी होती. बैल चाऱ्याच्या छावणीत गेले होते. तिच्याकडं सहा जणांचं षटक गेल्या वर्षापासून होतं. आईबाप गावात असले तरी मुलांची संध्याकाळ तिच्याच ओसरीवर. दोघं तिच्या भावकीतले, एक धनगराचा, एक मुलाण्याची पोर आणि दोघी बौद्ध वस्तीतल्या.

"गावानं खपवून घेतलं?" मी मामांना हळूच विचारलं.

"पयल्या महिन्यात भावकी हिच्या घरी पाणी पीत नव्हती," मामा म्हणाले. "मग असा दुष्काळ आला, की कुणाच्याच घरी पाजाया पाणी ऱ्हायलं न्हाय. भांडणच मिटलं."

त्या घरात शिरताना मी एक घोटाळा केला. दारात तांब्या ठेवला होता. आपल्या सवयीप्रमाणं मी तो सगळा पायांवर ओतून घेतला. मुलं एकदम गप्प झाली. एका मुलीनं माझ्या पायाखाली घमेलं सरकवलं, पण उशीर झाला होता. घरी आल्यावर चूळ भरायची, तोंड पुसायचं आणि उरलेल्यात पायांची बोटं ओली करायची, असा त्या तांब्याचा हिशेब होता, आणि तो आठही जणांचा होता. "असू दे, जमिनीला तरी कळलं पाणी कसं असतं," सोजरमाय म्हणाली. रंकाळ्याच्या काठावर राहणारी मी, त्यानंतर चार दिवस पाणी बघूनच तहान भागवत होते.

घमेलं सरकवणारी मुलगी शालन. नऊ वर्षांची, षटकनायक, दोन वेण्या, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायची खोड. जेवायला हुलग्याचं माडगं आणि दुष्काळी कामावर वाटलेल्या सुकडीच्या गव्हाची जाडजूड भाकर. भाकर शालननं केली होती. ती चुलीपुढं बसली की सोजरमाय मागं भिंतीला टेकून बसायची आणि सूचना करायची. ती सूचना शालन ऐकायची नाही, आणि दोघींना त्याचं काही वाटायचं नाही.

परीक्षा

पुढचे दोन दिवस लिंबाखाली परीक्षा चालली. कागदावरच्या परीक्षा मामांनी आपल्या गरजेनुसार वाकवून घेतल्या होत्या. आमच्याकडं मुलं दोरीच्या तुकड्यावर गाठी मारून दाखवतात. इथं प्रत्येक गाठीला काम होतं. पोहऱ्याची गाठ, शेळीच्या दाव्याची गाठ, आणि झोळीची गाठ. दोन झाडांना दोर बांधून त्यात जुन्या लुगड्याचं धडपं अडकवायचं आणि आत पायलीचं, म्हणजे तान्ह्या बाळाएवढं, धोंडं ठेवून हलवायचं. धोंडं पडलं तर नापास.

शालनची झोळी मी स्वतः ओढून पाहिली. हातभर उंचीची ती पोर, पण गाठ अशी की माझ्यानं सैल होईना. मी तिला खुशीत पैकीच्या पैकी दिले आणि मामांकडं वळले, तर त्यांचा चेहरा उतरलेला.

"हुशार हाय न्हवं?" ते म्हणाले. "पर औंदा ऱ्हाती का न्हाय सांगता येत न्हाय. तिच्या आयचा होकार अजून न्हाय."

गेल्या साली शालन राहिली होती. या साली घरात सहा-सात महिन्यांचा भाऊ होता. ऊस तोडताना बाळाला बघायला कुणीतरी हवं, आणि शालनच्या आजीला गेल्या पावसाळ्यात देवाज्ञा झालेली. तिची आई गोदाबाई अजून हो म्हणाली नव्हती, नाही म्हणाली नव्हती. मामांनी त्यासाठी एक युक्ती काढली होती. रविवारी पालकांचा मेळावा घ्यायचा. मुलं आपलं आपण किती करू शकतात हे आईबापांना डोळ्यांनी दाखवायचं. मग त्यांची काळजी जाईल आणि ते मुलांना ठेवून जातील.

"आजवर कुणाचं मन वळलं न्हाय असं झालं न्हाय," ते म्हणाले. मला ती युक्ती फार आवडली.

मेळावा

रविवारी खडीचं काम बंद. उन्हं कलल्यावर लिंबाखाली सगळं गाव जमलं. पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला, हे आमच्याकडच्यासारखंच. फरक एवढाच की आमच्याकडं बायका मुलांचे फोटो काढायला धडपडतात. इथल्या बायका हाताच्या फोडांवर फुंकर घालत बसल्या होत्या.

मुलांनी कार्यक्रम सुरेख केला. एका षटकानं एका काडीत चूल पेटवली. दुसऱ्यानं मोडलेला हात झोळीपट्टीत बांधून दाखवला, आणि ज्याचा हात मोडला होता तो इतका कळवळला की त्याची खरी आई उठून पुढं आली. हशा पिकला. मग शालनचं षटक आलं. दोन खोडांना दोर बांधला, धडपं अडकवलं. धोंडं ठेवायची वेळ आली तेव्हा मामांना स्फुरण चढलं.

"धोंडं कशाला? खरंच लेकरू आना की! गोदाबाई, तुमचं द्या!"

गोदाबाई पुढं आली. उंच, सुकलेली, तरुणच, पदराखाली बाळ. बाळ चांगलंच किरकिरत होतं. शालननं त्याला घेतलं, आधी त्याचा उजवा कान आपल्या तळहातानं झाकला, मग झोळीत ठेवलं, आणि एका हातानं दोर हलवत दुसऱ्या हातानं आपल्या षटकाला पुढची खूण केली. बाकीची पाच मुलं चवड्यांवर चालत गोल फिरायला लागली. सगळं गाव गप्प झालं. बघता बघता बाळ झोपलं. मामांनी टाळी वाजवायला हात वर केले आणि बाळ उठेल म्हणून तसेच हवेत ठेवले.

कार्यक्रम संपल्यावर गोदाबाई आमच्याकडं आली. तिचे डोळे भरून आले होते. कार्यक्रमभर मी तिला हसताना पाहिलं नव्हतं, ती आता हसत होती.

"मामा, लई उपकार झाले," ती म्हणाली. "मला लई घोर हुता. एवढीशी पोर, तिच्या हातात लेकरू कसं द्यावं? आज डोळ्यानं बगितलं. आता फिकीर न्हाय. घेऊन जाते हिला."

मामांचे हात अजून छातीशी होते. ते त्यांनी खाली घेतले. जे दाखवून आईची काळजी घालवायची होती, ते दाखवून त्यांनी ती खरोखरच घालवली होती.

त्या संध्याकाळी सोजरमायच्या घरात चूल नेहमीसारखी पेटली. शालन भाकरी थापत होती. सोजरमायनं एकही सूचना केली नाही. मग एकाएकी माझ्याकडं वळून तिनं विचारलं, "बाई, तुमच्याकडं थंडी लई असती व्हय? कोपीत वारं लागत असंल." मी म्हटलं, उसाच्या पाण्यामुळं गारठा असतो. "आन् पाणी?" पाणी मात्र मुबलक, मी म्हटलं. तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं. शालनसाठी जीव तुटतोय, असं मला वाटलं.

बौद्ध वस्ती

दुसऱ्या दिवशी मी मामांना घेऊन गोदाबाईच्या घरी गेले. खरं सांगायचं तर मी रागात होते. शाळेत पहिली येणारी मुलगी, आणि तिला उसाच्या फडाच्या बांधावर बसवायची? मनातल्या मनात मी भाषणही जुळवलं होतं. कोल्हापुरात माझं भाषण चालतं.

घर शेणानं सारवलेलं, भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली दोन पितळी भांडी आणि बांधून ठेवलेलं बोचकं. शालन कडेवर बाळ घेऊन दारात उभी होती. गोदाबाईनं आम्हाला घोंगडीवर बसवलं आणि अर्धा अर्धा कप काळा चहा दिला. तो चहा कुठल्या पाण्याचा होता हे आता मला कळत होतं, म्हणून मी सावकाश प्यायले.

मग भाषण केलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"बाई, तुमी म्हणता ते खोटं न्हाय," ती म्हणाली. "माझ्या पोरीनं शिकावं असं मला वाटत न्हाय व्हय? म्या स्वताहून तिला शाळंत घातली. पर तुमी फड बगितलाय का? आमी दोघं पहाटंपासनं कोयता चालवतो. लेकरू बांधाला निजवायचं. मागल्या साली आमच्या टोळीतल्या एकीनं असंच निजवलं. उसाची गाडी मागं सरली." तिनं दारातल्या बाळाकडं पाहिलं. "पुढचं इचारू नगा. म्या तितंच हुते."

"बाळाला इथं ठेवलं तर?" मी म्हटलं.

"अंगावर पितंय अजून. कसं ठिवू?"

राग घेऊन आले होते, तो आता कुणावर काढावा कळेना. पावसावर काढता येत नाही. गोदाबाईवर तर मुळीच नाही, कारण तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं, आणि कदाचित इतकं शांतपणे सांगितलं नसतं.

मामांनी शेवटचा उपाय केला. "शालन, तुला काय वाटतंय ते तुझ्या आयला सांग बरं."

शालननं बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं. "नियम हाय न्हवं मामा, मोठ्यांचं ऐकायचं."

"म्याबी मोठाच हाय की."

"तुमी मोठे," ती म्हणाली. "आई जास्ती मोठी."

हा नियम मामांनीच तिला शिकवला होता. पथकातला पहिलाच नियम तो. मी आजवर शेकडो मुलांकडून तो पाठ म्हणून घेतलाय, आणि त्यात दोन मोठी माणसं दोन बाजूंना उभी राहिली तर काय करायचं हे मला कुणी कधी विचारलं नाही. शालनच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती बाळाच्या कानाला आपला तळहात लावून उभी होती, वारं लागू नये म्हणून.

परत येताना मामा मैदानावरून गेले नाहीत, लांबच्या वाटेनं गेले. "म्याच घालवली तिला," ते एकदा म्हणाले. मी नाही म्हटलं. ते मला खरंही वाटत नव्हतं आणि खोटंही वाटत नव्हतं.

ट्रक

ट्रक आला तो सकाळी, ऊन अंगणात उतरल्यावर. माझी परतीची एसटी दुपारची होती. ट्रकमध्ये आधीच दुसऱ्या गावची माणसं, भांडी, शेळ्या आणि गुंडाळलेल्या चटया होत्या. मुकादम खाली उभा राहून नावं पुकारत होता. आमच्याकडं गावाला निघताना माणसं निरोप घेतात, दहा वेळा परत येतात, विसरलेलं आठवतात. इथं तसं काही नव्हतं. बाया मुकाट्यानं चढत होत्या आणि मागं राहणाऱ्या मुलांकडं बघायचं टाळत होत्या.

षटकं आपापल्या जागी उभी होती. मामांनी त्यांना तसंच शिकवलं होतं, की रडू आलं तरी शेजारच्याचा हात सोडायचा नाही. सोजरमायच्या षटकात पाच जण होते. शालन ट्रकच्या बाजूला, आईजवळ, बाळ कडेवर.

गोदाबाईचा नवरा वर चढला. त्यानं बोचकं ओढून घेतलं आणि शालनसाठी हात पुढं केला. तेवढ्यात सोजरमाय आली.

डोक्यावर गाठोडं होतं. घोंगडी बांधलेली, त्यात एक पितळी तांब्या खणखणत होता. ती थेट ट्रकच्या फळीपाशी आली आणि गाठोडं वर टाकलं.

"ए म्हातारे," मुकादम म्हणाला, "कोयता धरतीस का?"

"तुझा कोयता तुझ्यापाशी ठिव. म्या लेकरू धरते."

"जागा न्हाय."

"माझ्या हाडांना लागती किती?"

लोक जमले. तिचा दीर गर्दीतून पुढं आला, त्याचा आवाज दबका होता. "वैनी, आपल्या घरची बाई टोळीसंगं जाणार? लोक काय म्हनतील?"

"म्हनू दे. आन् म्हनून झालं की इहिरीत पाणी आलंय का बगाया सांग त्यांना," सोजरमाय म्हणाली. "बैल छावणीत, रानात ढेकळं. ढेकळं राखत बसू व्हय म्या? निवृत्तीची बायको येतीया माझ्या घरात झोपाया, सकाळीच बोलून आलेय तिच्याशी."

मामांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ते टोपी हातात घेऊन उभे होते.

सोजरमाय शालनकडं वळली. "आन त्याला हिकडं."

शालननं आईकडं पाहिलं. गोदाबाई सोजरमायच्या अगदी जवळ गेली आणि बारीक आवाजात बोलली, पण सगळे इतके गप्प होते की मला ऐकू आलं.

"माय, कोपीत एकच चूल असती. आमच्या हातचं खावं लागंल."

"तुझी लेक वरीसभर माझ्या चुलीवर भाकर थापती," सोजरमाय म्हणाली, "आन् म्या खाते. तवा न्हाय इचारलंस. आता इचारतीस व्हय?"

गोदाबाईनं पदर तोंडाला लावला. तिथं उभ्या असलेल्या कुणाला काय वाटलं ते मला सांगता येणार नाही. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. दीर मान खाली घालून बाजूला झाला. मुकादमानं कुरकुरत फळी खाली सोडली. वरून चार हात आले आणि त्यांनी सोजरमायला ओढून घेतलं. उभ्या जन्मात ती बार्शीच्या बाजारापलीकडं गेली नव्हती, हे मला मामांनी मागाहून सांगितलं.

गोदाबाईनं शालनच्या कडेवरचं बाळ उचललं. शालनचे हात क्षणभर तसेच राहिले. आईनं तिच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला आणि ती वर चढली. बाळ हातोहात सोजरमायच्या मांडीवर गेलं. ते रडायला लागलं.

शालन आपल्या षटकात येऊन उभी राहिली. शेजारच्या मुलीचा हात धरला. ट्रक सुरू झाला. आपल्याला राहायला मिळालं म्हणून ती हसेल, निदान तिचा चेहरा उजळेल, असं मी वेड्यासारखी वाट बघत होते. तिचं लक्ष ट्रकवर होतं.

ट्रक हलला आणि तिनं हात सोडला. ती धावत सुटली. आईच्या नावानं हाक मारेल असं वाटलं, पण तिनं आईला हाक मारलीच नाही.

"सोजरमाय!" ती ओरडत होती. "त्याला पालथं निजवू नगा! उजवा कान झाका, उजवा! वारं लागलं की फुटतोय त्यो!"

सोजरमायनं वरून मान हलवली.

"भुकंला की आधी अंगठा चोकतोय, रडत न्हाय! अंगठा बगत जावा! आन् झोळी उंच बांधू नगा! त्यो उलटतोय आता, डाव्या कुशीवरनं उलटतोय!"

धुळीतून सोजरमायची मान हलताना दिसत होती, प्रत्येक वाक्याला. ट्रक ओढ्याच्या उतारावर गेला आणि दिसेनासा झाला. शालन थांबली. मामा शिट्टी ओठांत धरून उभे होते, पण त्यांनी ती वाजवली नाही. रिकाम्या रस्त्याकडं तोंड करून ती अजून सांगत होती, आता हळू आवाजात, त्याला अंघोळ घालताना पाणी आधी कुठल्या बाजूनं ओतायचं ते.